फरसखाचे किलोमीटर किती धरायचे? अरब भूगोलकारांच्या वाटा नकाशावर मांडताना

तांडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेलं वर्षभर रात्रीची जेवणं आटोपली की मी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडून बसतो आणि ९व्या-१०व्या शतकातल्या अरबी ग्रंथांत नोंदवलेल्या वाटा एकेक करून नकाशावर चढवतो. दिवसा माझं काम पाण्याच्या पाइपलाइनींचे नकाशे करण्याचं, त्यामुळे सॉफ्टवेअर हाताखालचं आहे. अरबी मात्र मला येत नाही. भाषांतरांवर आणि इथल्या दोघा-तिघा जाणकारांच्या मदतीवर चाललंय. आता अशा ठिकाणी अडलोय की एकट्याने पुढे जाण्यात अर्थ नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी देतो. अब्बासी खिलाफतीत 'बरीद' नावाचं सरकारी डाक आणि बातमीदारीचं खातं होतं. इब्न खुर्दादबिह हा इराणमधल्या जिबाल प्रांतात या खात्याचा प्रमुख होता. त्याने ९व्या शतकात वाटा आणि प्रांत यांवर ग्रंथ लिहिला. त्यात पानंच्या पानं नुसती अशी: अमुक गावाहून तमुक गाव इतके फरसख (अंतराचं जुनं माप), तिथून पुढचं गाव इतके फरसख. बगदादहून खुरासानकडे निघालं की पहिला मुक्काम नहरवान, ४ फरसख. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. वर्णन नाही, अक्षांश-रेखांश नाहीत. डाकेचा घोडा कुठे बदलायचा आणि खर्च कुठल्या खात्यात धरायचा, हे ज्याला ठरवायचं आहे त्याची ही वही आहे. नंतर १०व्या शतकात इस्तख्री, इब्न हौकल, मुकद्दसी यांनी तिचं खऱ्या अर्थाने भूगोलात रूपांतर केलं. पुढे १३व्या शतकात याकूत अल-हमवीने हे सगळं गावांच्या नावांनुसार वर्णानुक्रमे कोशात लावलं.

ही माहिती संगणकावर आणण्याचं मोठं काम आधीच झालेलं आहे, हे सांगायला हवं. मॅक्सिम रोमानोव्ह आणि मासूमेह सैदी यांनी 'अल-थुरय्या' नावाचा प्रकल्प उभा केला. जॉर्जेट कॉर्नू या फ्रेंच विदुषीचे जुने छापील नकाशे आधाराला घेऊन त्यांनी २,००० हून अधिक ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांचे तुकडे मांडले. दोन शहरं निवडली की मधला मार्ग काढून दाखवतो. अल-थुरय्या म्हणजे आपल्या कृत्तिका. ग्रीक-रोमन जगासाठी याच नक्षत्राच्या नावाची ठिकाणांची सूची आधीपासून आहे, तिची ही अरबी बहीण. माझं काम त्यापुढे नखाएवढं आहे. पण मूळ ग्रंथात दिलेली अंतरं मला स्वतः मोजून बघायची होती आणि तिथेच गाडं अडलं.

याकूत म्हणतो, जलूलापासून खानकीन ७ फरसख आणि खानकीनपासून कस्रे-शिरीन ६ फरसख. ही तिन्ही गावं आजही त्याच नावांनी नांदतात, पहिली दोन इराकमध्ये, तिसरं सरहद्दीपलीकडे इराणमध्ये. म्हणजे ओळख पटवण्याचा प्रश्न नाही. फरसख म्हणजे ३ अरबी मैल, सुमारे ६ किमी. त्या हिशेबाने पहिला टप्पा ४२ किमी आणि दुसरा ३६ किमी व्हायला हवा. नकाशावर सरळ रेषेत मोजलं तर पहिला साधारण २२ भरतो आणि दुसरा २४.

वाट वळणाची असते, मान्य. उंचसखलपणाची आकडेवारी टाकून कमीत कमी चढउताराची वाटही काढून पाहिली. लांबी वाढते, पण ४२ काही होत नाहीत. आणि मूळ ग्रंथात जास्त फरसखांचा म्हणून दिलेला टप्पाच जमिनीवर आखूड निघतोय, याचं काय करायचं?

प्रश्न असा: फरसखाला एकच ठरावीक लांबी धरून हरवलेली गावं शोधायची ही माझी पद्धतच चुकीची आहे का?

---

माळरान

धागा फार आवडला. वाचनखूण साठवली.

मला अरबी ग्रंथांतलं काही कळत नाही, पण कोस कळतो. माझे आजोबा मराठवाड्यातले, बैलगाडीने बाजारहाट करणारे. त्यांच्या बोलण्यात एकाच वाटेचा जाताना एक कोस असायचा आणि येताना दोन, कारण येताना चढ आणि गाडी भरलेली. किती लांब यापेक्षा किती वेळ आणि किती दम, याचं ते माप होतं. फरसखसुद्धा इराणात तासाभराच्या चालीशी जोडलेला होता असं वाचलंय. तसं असेल तर तुमच्या ४२ आणि २२ मधला फरक ही चूक नसून माहिती आहे. त्या टप्प्यात वाट अवघड होती, नदी उतरावी लागत होती किंवा जनावरं थकलेली असत, असं काहीतरी तो आकडा सांगतोय.

---

नुक्ता

माळरान यांच्याशी सहमत, पण एक पायरी आधी थांबायला हवं. आकडा बरोबर उतरलाय का, हे आधी तपासा.

उदाहरण देतो. इराकमधल्या कूफाहून हजच्या वाटेला लागलं की वाळवंटाच्या तोंडाशी कादिसिय्या लागतं. इब्न खुर्दादबिह कूफा ते कादिसिय्या १५ मैल सांगतो. याकूतच्या कोशात याच अंतराला १५ फरसख म्हटलंय. आकडा तोच, एकक वेगळं. १५ अरबी मैल म्हणजे ३० किमी, १५ फरसख म्हणजे ९० किमी. नकला करताना कधीतरी शब्द बदलला आणि कादिसिय्या कागदावर तिप्पट लांब गेलं. याकूत फार चोख माणूस होता, पण त्याच्यापुढे जे आलं तेच तो लिहिणार.

दुसरी गोष्ट नावांची. अरबी लिपीत ब, त, न आणि य ही अक्षरं शब्दाच्या मध्ये आली की त्यांचा सांगाडा एकच. फरक फक्त ठिपक्यांचा. खाली एक ठिपका की ब, वर दोन की त, वर एक की न, खाली दोन की य. जुन्या हस्तलिखितांत हे ठिपके पुष्कळदा दिलेलेच नसतात, किंवा नकलकाराने अंदाजाने दिलेले असतात. आपलं ठाणं अरबीत 'ताना'. इद्रिसी या १२व्या शतकातल्या भूगोलकाराच्या ग्रंथात ते 'बाना' होऊन बसलंय. दोन ठिपके वरून गेले आणि एक खाली आला, एवढंच. सोपाऱ्याचं 'सुबारा' एका इंग्रजी भाषांतरात 'सुराबाया' झालंय. ज्यांनी मोडी वाचलीय त्यांना हे पटकन उमगेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात. ओळखीचं गाव असेल तर वाचता येतं, अनोळखी असेल तर चार वाचनं संभवतात.

म्हणून, तांडा, तुमच्या तक्त्यात नावाचा रकाना एकच असेल तर तो आजच फोडा. हस्तलिखितात काय आहे, संपादकाने काय वाचलं आणि तुम्ही कुठलं गाव मानलं, हे तीन वेगळे रकाने हवेत.

---

रेखांश७३

नुक्ता यांनी कादिसिय्याचं नाव काढलंच आहे तर पुढची गोष्ट सांगतो. माझं क्षेत्र उपग्रहछायाचित्रांचं, आणि गेल्या काही वर्षांत मला सर्वांत जास्त आनंद देऊन गेलेली ही बातमी आहे.

कादिसिय्याची लढाई साधारण ६३६-३७ सालची. अरबांनी सासानी इराणी फौजेचा पराभव केला आणि मेसोपोटेमियाचा दरवाजा उघडला. इतकी मोठी लढाई, पण नेमकी जागा हरवलेली. २०२४ मध्ये डरहॅम विद्यापीठ आणि इराकमधलं अल-कादिसिय्या विद्यापीठ यांच्या संशोधकांनी ती निश्चित केल्याचं प्रसिद्ध केलं. विशेष म्हणजे ते लढाईची जागा शोधत नव्हतेच. ते 'दर्ब जुबैदा'चा नकाशा करत होते. कूफा ते मक्का ही हज यात्रेची वाट. हारून अल-रशीदची राणी जुबैदा हिने तिच्यावर पाण्याची टाकी आणि मुक्काम बांधवले, म्हणून तिच्या नावाने ओळखली जाते.

त्यांनी वापरलेलं छायाचित्र १९७३ सालचं आहे. अमेरिकेच्या हेक्सागॉन या हेरगिरी उपग्रहाने फिल्मवर टिपलेलं. तेव्हा डिजिटल प्रक्षेपण नव्हतं. फिल्मच्या डब्या अवकाशातून खाली सोडायच्या आणि पॅराशूटने उतरताना विमानाने हवेतच झेलायच्या, असा तो खटाटोप. हेतू शत्रूची क्षेपणास्त्रं मोजण्याचा. आधीच्या कोरोना उपग्रहांची छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली, हेक्सागॉनची नंतर.

या छायाचित्रांना आज सोन्याचं मोल का, तर ती धरणं, कालवे, ट्रॅक्टर आणि नवी वस्ती यांच्या आधीची आहेत. १९७३च्या त्या छायाचित्रात वाळवंटाच्या कडेची एक गढी आणि सुपीक जमिनीच्या कडेची एक मोठी वस्ती यांना जोडणारी सुमारे १० किमी लांब दुहेरी भिंत दिसते. कूफापासून ३० किमी दक्षिणेला. लढाईच्या वर्णनांत कादिसिय्या आणि अल-उधैब या दोन ठिकाणांची जी मांडणी येते, खंदक, गढ्या, नदीचा उतार, ती तिथे जुळते. आज त्या भागात बऱ्याच ठिकाणी शेती झालीय. नुसतं आजचं उपग्रहचित्र पाहिलं असतं तर भिंतीचा बराच भाग हाती लागला नसता.

आणि नुक्ता, तुमचे १५ मैल बघा. ३० किमी. हजार वर्षांपूर्वीच्या डाकखात्यातल्या माणसाचा आकडा जमिनीवर जसाच्या तसा उभा राहिला.

तांडा, आधी ओळखीच्या गावांत फरसख किती बदलतो ते मोजा, मग अनोळखी गावासाठी एक बिंदू न देता पट्टा द्या. 'इथे आहे' म्हणण्यापेक्षा 'या पट्ट्यात शोधा' म्हणणारा नकाशा माझ्यासारख्याच्या जास्त कामाचा.

---

तांडा (धागाकर्ता)

@नुक्ता, रकाने फोडले. तक्त्यातली ४१ नावं अशी निघाली की ज्यांत मी संपादकाचं वाचन मूळ म्हणून नोंदवलं होतं. ही माझी चूक साधी नव्हती, कारण पुढचे सगळे हिशेब त्यावरच होते. दोन रात्री बसून दुरुस्त करतोय.

@माळरान, जाताना एक कोस आणि येताना दोन हे वाक्य मी माझ्या कामाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

---

सुलभा

इतिहास शिकवते, नकाशे करत नाही. तरी दोन गोष्टी सांगते.

पहिली. शाळेच्या पुस्तकात अब्बासी साम्राज्य म्हणून जो एकरंगी डाग दाखवतात, तो मला कधीच पटला नाही. मोरोक्कोच्या शेजारापासून सिंधपर्यंत सलग एक रंग, वाळवंटावरही तोच आणि बगदादच्या बाजारपेठेवरही तोच. सत्ता तशी पसरत नसते. ती रस्त्याने जाते, शहरात थांबते, आणि मध्ये शेकडो मैल तिचा मागमूस नसतो. म्हणून वाटा आणि मुक्काम यांच्या जाळ्याचा नकाशा हा साम्राज्याचा जास्त खरा नकाशा आहे. १०व्या शतकातल्या बल्खी परंपरेच्या, म्हणजे इस्तख्री, इब्न हौकल यांच्या घराण्यातल्या नकाशांतही असंच दिसतं. किनारा सरळ रेघेचा, समुद्र गोल, गावं रस्त्यांवर ओवलेली. लोक त्यांना अडाणी म्हणतात. मुंबईत लोकलच्या डब्यात दाराच्या वर जो स्थानकांचा नकाशा लावलेला असतो तोही सरळ रेघच असतो, आणि त्यावरून कोणी चुकत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. अरबी नावांत 'निस्बा' असते: बगदादी, बुखारी, निशापुरी. आपल्या '-कर'सारखी. अल-धहबी या १४व्या शतकातल्या इतिहासकाराच्या ग्रंथात सुमारे ३०,००० चरित्रं आहेत. तांडांनी ज्यांचं नाव घेतलं त्या रोमानोव्ह यांनी ती संगणकाने चाळून कुठल्या शतकात कुठल्या शहराची माणसं किती, हे काढलंय. एका माणसाने वाचायचं म्हटलं तर आयुष्य जाईल असं काम. पण सातारकर आडनावाचा प्रत्येक जण साताऱ्यात राहिलेला नसतो. कुणाचा पणजोबा तिथून निघालेला असतो, कुणाचं नुसतं वतन तिथे. निस्बेचंही तसंच, आणि एकाच माणसाला तीन-तीन निस्बा असतात. म्हणून अशा नकाशात ठिपका कशाचा आहे, जन्माचा, शिक्षणाचा की घराण्याच्या आठवणीचा, हे तळटिपेत ढकलून चालत नाही, नकाशावरच दिसायला हवं.

---

खडा सवाल

विरोधासाठी विरोध नाही, मनापासून विचारतो. पट्टे, तीन रकाने, संशयाचे रंग... असा नकाशा वाचणार कोण? लोकांना बिंदू हवा असतो. आणि तुम्ही बिंदू दिला नाही तर दुसरा कोणीतरी आत्मविश्वासाने चुकीचा देईल आणि तोच सगळीकडे फिरेल.

---

रेखांश७३

@खडा सवाल, भीती रास्त आहे. हे रोज होतं. एकाने अंदाजाने दिलेले अक्षांश-रेखांश दुसऱ्याच्या सूचीत जातात, तिथून तिसऱ्याच्या, आणि चौथा माणूस म्हणतो, तीन सूचींत हेच आहे म्हणजे बरोबरच असणार. दशांश चिन्हापुढे सहा आकडे असले की माणसाला वाटतं, कोणीतरी जागेवर जाऊन मोजलंय. दशांशापुढचा सहावा आकडा म्हणजे वीतभरापेक्षाही कमी जमीन! जिथे गाव कुठल्या खोऱ्यात होतं याचीच खात्री नाही, तिथे वीतभर जमिनीचा दावा.

बिंदू द्यावा, पण त्याच्यासोबत त्याचं वर्तुळही द्यावं. वाचणारे तेवढे हुशार असतात. हवामान खात्याच्या चक्रीवादळाच्या नकाशात पुढे रुंदावत जाणारा पट्टा असतो, तो कोळीवाड्यातली माणसं आपल्यापेक्षा चांगला वाचतात.

---

खाडीकाठ

मी वसईकडचा. सोपाऱ्याचं नाव निघालं म्हणून लिहितोय. इस्तख्री आपल्या किनाऱ्याबद्दल नेमकं काय म्हणतो ते कोणी देईल का? आमच्याकडे सगळे फक्त 'अरब प्रवाशांनी उल्लेख केला आहे' इतकंच लिहितात, आकडे कोणी देत नाही.

---

नुक्ता

@खाडीकाठ, देतो.

इस्तख्री (१०वं शतक): खंबायतहून (गुजरातमधलं खंभात) सुबारा सुमारे ४ दिवस. सुबारा समुद्रापासून अर्धा फरसख. सुबाराहून सिंदान सुमारे ५ दिवस, तेही समुद्रापासून तेवढंच आत. सिंदानहून सैमूर ५ दिवस. सैमूरहून सरनदीब, म्हणजे श्रीलंका, १५ दिवस.

बिरूनी (११वं शतक): खंबायतवरून भडोच, तिथून सिंदान ५०, मग सुबारा ६, मग ताना ५. आकडे फरसखांत.

रूढ ओळख अशी: सुबारा म्हणजे सोपारा, ताना म्हणजे ठाणे, सैमूर म्हणजे चौल, सिंदान म्हणजे संजाण. आता क्रम नीट बघा.

---

खाडीकाठ

बघितला, आणि तासभर बघतच राहिलो.

खंबायतहून दक्षिणेला येताना संजाण आधी लागतं, सोपारा नंतर. बिरूनीचा क्रम बरोबर आहे. इस्तख्रीने सोपारा आधी घेतलाय. म्हणजे त्याच्या हिशेबाने माणूस सोपाऱ्याला येऊन पुन्हा वर संजाणला जातो आणि तिथून खाली चौलला!

'समुद्रापासून अर्धा फरसख' मात्र अगदी पटतं. अर्धा फरसख म्हणजे ३ किमी. आमचं सोपारा गाव आज समुद्रापासून तीनेक-चारेक किलोमीटर आतच आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ज्या स्तूपाचं उत्खनन केलं, त्या टेकाडाला जुने लोक बुरूडराजाचा कोट म्हणायचे. तिथे उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही. बंदर खाडीच्या आतल्या अंगाला होतं. खाडी गाळाने भरत गेली, आता तिथे इमारतींची रांग आहे.

---

तांडा (धागाकर्ता)

काल रात्री बाकी सगळं बाजूला ठेवून हेच केलं. सरळ रेषेतली अंतरं काढली, नुसती ताडून बघायला.

इस्तख्रीचा क्रम आहे तसा घेतला तर: खंबायत-सोपारा ३२० किमी ४ दिवसांत, म्हणजे दिवसाला ८०. सोपारा-संजाण ८८ किमी ५ दिवसांत, दिवसाला जेमतेम १८. संजाण-चौल १८० किमी ५ दिवसांत, दिवसाला ३६ किंवा थोडं वर. तीन टप्पे, तीन वेगळ्या चाली.

आता सोपारा आणि संजाण यांची अदलाबदल केली: खंबायत-संजाण २३५ किमी ४ दिवसांत, दिवसाला ५९ च्या आसपास. संजाण-सोपारा ५ दिवस, दिवसाला १८. सोपारा-चौल ९७ किमी ५ दिवसांत, दिवसाला १९.

शेवटचे दोन टप्पे एका चालीत बसले. किनाऱ्याने खाड्या उतरत जाणाऱ्या माणसाची ही चाल असू शकते. वैतरणा आहे, वसईची खाडी आहे, दर ठिकाणी तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघायची. पहिला टप्पा मात्र अदलाबदलीनंतरही पायी अशक्य. तो गलबताचा असावा, खंबायतच्या आखातातून वारा धरून.

बिरूनीचंही तेच केलं. सुबारा-ताना ५ फरसख म्हणजे ३० किमी. नकाशावर सोपारा ते ठाणे सरळ रेषेत मोजले, ३० किमी भरले. मी तीनदा मोजलं. पण संजाण-सोपारा ६ फरसख, म्हणजे ३६. प्रत्यक्षात ८८. त्याच ओळीत एक आकडा चोख आणि त्याच्या शेजारचा निम्म्याहून कमी.

---

नुक्ता

सुंदर काम. पण अदलाबदल मूळ रकान्यात करू नका, हात जोडून सांगतो.

इब्न हौकलच्या ग्रंथातही इस्तख्रीचाच क्रम आहे, म्हणून कोणी म्हणेल दोन साक्षीदार. पण इब्न हौकलने इस्तख्रीचाच ग्रंथ पुढे वाढवला. त्या एकाच साक्षीच्या दोन नकला आहेत. उलट शक्यताही ध्यानात ठेवा: इस्तख्रीचं सिंदान हे संजाण नसेलच, किनाऱ्यावरचं दुसरंच काही असेल. बिरूनीचे ६ फरसख संजाणला बसत नाहीत, हीही त्याच दिशेची कुजबुज आहे. सोपाऱ्यापासून ३६ किमीवर उत्तरेला काय येतं ते एकदा नकाशावर बघा, निष्कर्ष न काढता.

---

सुलभा

संजाणच्या बाजूने एक भक्कम पुरावा दगड-तांब्याच्या बाजूचा आहे. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूटांचे ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा, इंद्र तिसरा याच्या काळातला. त्यात 'संयान' मंडलाचा कारभार ताजिक वंशातल्या मधुमती सुगतिप याच्याकडे असल्याचं म्हटलंय. मधुमती म्हणजे महंमदचं संस्कृत रूप. राष्ट्रकूट राजाने नेमलेला अरब अधिकारी. त्याने लोकांसाठी फुकट तरी आणि अन्नछत्र सुरू केल्याचं त्याच ताम्रपटात आहे, आणि एका मठिकेला जमीन दिल्याचंही.

अरब प्रवासी-लेखक मसूदी तर स्वतः हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला आलेला. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन राहिलेल्या आणि इथेच जन्मलेल्या मुसलमानांची संख्या तो सुमारे १०,००० सांगतो. राजाचं नाव 'जंज' देतो, तो शिलाहार झंझ. त्याच्या वरचा 'बल्हरा' म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूट सम्राट. 'मांकीर' म्हणजे मान्यखेट, आजचं मळखेड. आपल्या शिलालेखांतला राजा आणि अरबी ग्रंथातला राजा एकाच दशकात एकाच बंदरावर भेटतात. विद्यार्थ्यांना हे सांगताना माझा आवाज दरवेळी बदलतो.

तांडा, तुमच्या नकाशात फक्त अरबी ग्रंथांचा थर ठेवू नका. ताम्रपटातल्या गावांचा थरही लावा. तरीची जागा कुठे होती हे कळलं तर पाच दिवस का लागत होते हेही कळेल.

---

माळरान

अवांतर आहे, पण मोजायचा मोह आवरला नाही. इब्न बतूता दिल्ली ते दौलताबाद वाट ४० दिवसांची सांगतो. दोन्ही बाजूंना झाडं लावलेली, आणि मैलाला तीन डाकचौक्या. सरळ रेषेत ९८० किमी भरतात, म्हणजे दिवसाला साधारण साडेचोवीस. रस्त्याची वळणं धरली तर तीसच्या वर जाईल. सरकारी रस्त्यावर तीस आणि खाड्यांच्या किनाऱ्यावर अठरा-एकोणीस. मला तरी हे दोन्ही आकडे खरे वाटतात.

---

तांडा (धागाकर्ता)

@सुलभा, ताम्रपटाचा थर लावायला घेतलाय. गावांच्या सीमा देणारा मजकूर संस्कृतात आहे, वाचायला मदत लागेल.

@नुक्ता, मूळ रकान्याला हात लावलेला नाही. सिंदानला आता एक बिंदू नाही. संजाणचं वर्तुळ आहे, सोपाऱ्यापासून ६ फरसखांचा उत्तरेकडचा कंस आहे, आणि इस्तख्रीचा क्रम तुटक रेघेने आहे तसा आहे. कंस पालघरच्या वायव्येला सातपाटीच्या आसपास किनाऱ्याला टेकतो. याहून जास्त काही लिहीत नाही.

जलूला-खानकीनवरही परत आलो. ओळखीच्या जोड्यांचा फरसख आता टप्प्यानुसार वेगळा काढतोय. किलोमीटरचा रकाना काढून टाकला. त्याजागी दोन आकडे: ग्रंथातले फरसख आणि जमिनीवरचं अंतर, शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता.

@खाडीकाठ, सोपाऱ्याची जुनी खाडी कुठवर येत होती हे तुमच्याकडच्या कुणाला माहीत आहे का? १९६०च्या दशकातलं कोरोना छायाचित्र मिळतंय का ते रेखांश बघतायत, पण जमिनीवरच्या खुणा हव्यात.

---

खाडीकाठ

माझे एक काका आहेत, वय ऐंशीच्या पुढे, मिठागरात काम केलेले. त्यांना बांध कुठे कुठे घातले ते पाठ आहे. या रविवारी त्यांना रिक्षात घालून स्तूपापासून खाडीपर्यंत फिरवतो. ते जिथे जिथे 'इथे पाणी असायचं' म्हणतील तिथे मोबाईलवर खूण टाकेन. तुम्ही येणार असाल तर सकाळी आठला नालासोपारा पश्चिमेला भेटा. काका आठनंतर उन्हात थांबत नाहीत.

---

तांडा (धागाकर्ता)

येतो. खंबायतपासून चौलपर्यंतची छापील पट्टी घेऊन येतो, काकांना दाखवायला.